फटींचं कवच

(दृश्य : जेट इंजिनाच्या टर्बाइनचं एक पातं, अगदी जवळून.)

ज्वलनकक्षातून या पात्यावर आदळणारा वायू १५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापलेला असतो. पातं ओतलंय निकेलच्या मिश्रधातूचं, आणि तो १३५० अंशांच्या आतबाहेरच वितळू लागतो. तरी पातं हजारो तास फिरतं. एक तर त्याच्या पोटातल्या वाटांमधून थंड हवा खेळवलेली असते. थंड म्हणायचं एवढंच, तीही ६०० अंशांच्या घरातली! आणि दुसरं म्हणजे अंगावरचा हा पांढुरका थर. जाडी मिलिमीटरच्या पाव भागाइतकी.

थर झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड या सिरॅमिकचा आहे. १९६०च्या दशकात एक्स-१५ या रॉकेट-विमानाच्या नोझलवर झिर्कोनिया वापरून झाला होता. पण शुद्ध झिर्कोनियाची खोड अशी, की निवताना त्याची स्फटिकरचना बदलते, तो फुगतो आणि तडकतो. यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) मिसळला की हे टळतं. किती मिसळायचा? नासाच्या क्लीव्हलँड इथल्या लुईस केंद्रात स्टीफन स्टेकुरा यांनी १९७०च्या दशकात प्रयोग केले आणि वजनाने ६ ते ८ टक्के हे प्रमाण पुढे आलं. आजही तेच चालतं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली थराचा छेद.)

धातू तापला की जास्त पसरतो, सिरॅमिक कमी. सलग थर दिला असता तर काही उड्डाणांतच सोलून निघाला असता. म्हणून इलेक्ट्रॉनांच्या झोताने झिर्कोनियाची वाफ करतात आणि ती पात्यावर जमू देतात. मग थर उभा राहतो तो असा, ज्वारीच्या ताटांसारखा दाट, पण प्रत्येक खांब सुटा. खालचा धातू ताणला की खांब जरा विलग होतात, आकसला की जवळ येतात.

झिर्कोनिया प्राणवायू मात्र अडवत नाही. हा वायू कवच आणि पात्याचा धातू यांच्या मधल्या ॲल्युमिनियमयुक्त थरापर्यंत पोहोचतो आणि तिथे ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) पापुद्रा धरतो. हा पापुद्रा धातूला वाचवतो, पण काही मायक्रॉनांपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड झाला की वरचं सगळं कवच सुटतं. पात्याचं आयुष्य बऱ्याचदा इथेच ठरतं.

(दृश्य : वाळवंटातली धावपट्टी, धुळीचा लोट.)

आणि ही धूळ. इंजिनात गेलेली वाळू किंवा ज्वालामुखीची राख १२०० अंशांच्या पुढे वितळते, खांबांमधल्या फटींत झिरपते आणि निवल्यावर गोठून बसते. खांबांना हलायला जागाच उरत नाही. गॅडोलिनियम झिर्कोनेट हे दुसरं सिरॅमिक या वितळलेल्या रसाशी चटकन अभिक्रिया करून त्याला वरच्या वर घट्ट करतं, म्हणून नव्या कवचांत त्याचा थर देतात. पण ते ठिसूळ असतं. त्यामुळे त्याच्याखाली यिट्रियावाला जुना थर ठेवावाच लागतो.