सुपाचे हात, दिव्याची वीण

(दृश्य: सकाळ. ओटा, हिरवा बांबू, कोयता.)

कट्‌! नागपुरातल्या एका बुरड, म्हणजे बांबूकाम करणाऱ्या, कुटुंबाच्या ओट्यावर दिव्यासाठीच्या बांबूला पहिली चीर गेली.

बांबू मध्यावरच चिरायचा. दोन फाका, दोनाच्या चार, चाराच्या आठ. चीर एका अंगाला पळायला लागली, की या घरच्या मावशी जाड बाजू जरा जास्त वाकवतात आणि ती मुकाट मध्यावर येते. इथे मोजपट्टी नाही. कुठे दाबायचं ते बोटांना कळतं.

बांबू गडचिरोली-चंद्रपूरकडचा. खरं तर हे गवत, पण १९२७च्या वन कायद्यात ते झाड होतं. २०१७च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्यातून वगळला आणि बांधावरचा बांबू तोडणं, नेणं सोपं झालं.

(दृश्य: पाण्यात बुडालेल्या कामट्या.)

या कामट्या पाण्यात मुरतात. बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगा जगतो, भिजवल्याने तो अंश बराचसा निघून जातो. ही पायरी गाळली तर काही महिन्यांत दिव्याखाली बारीक पिवळी भुकटी साचू लागते.

(दृश्य: विणकाम, अगदी जवळून.)

हे हात जन्मभर सूप विणत आले. सुपातून तांदळाची कणीही निसटता कामा नये, म्हणून वीण घट्ट हवी. दिव्याचं गणित नेमकं उलटं: उजेड निसटायलाच हवा.

"हाताले घट्ट विणायची सवय, बाबू. मोकळं सोडणं नव्यानं शिका लागलं," मावशी सांगतात.

मला वाटतं, या दिव्याची सगळी कारागिरी त्या सोडलेल्या जागेत आहे. फट फार मोठी झाली की आतला बल्ब डोळ्यात खुपतो, फार लहान झाली की दिवा टोपलीसारखा मुका दिसतो. रंग, चकाकी काही नको. वरच्या सालीचा गुळगुळीतपणा आणि आतल्या गाभ्याचा खरखरीतपणा, दोन्ही उजेडात वेगवेगळे उठून दिसतात. आणि एलईडी बल्ब फारसा तापत नाही, त्यामुळे वीण त्याच्या जवळ आणता येते.

(दृश्य: संध्याकाळ. खोलीत अंधार.)

बटण दाबलं. चुन्याच्या भिंतीवर चौकटींची जाळी पसरली, छतापर्यंत. मावशी दिवा हळूहळू फिरवून भिंतीकडे बघतात. उजव्या हाताला एक चौकट बाकीच्यांपेक्षा मोठी आहे. मला ती दिसलीही नव्हती.

त्यांनी बल्ब विझवला, दिवा मांडीवर घेतला आणि अंगठ्याने ती कामटी सूतभर सरकवली.