‘माझा आत्मविश्वास वाढला’ एवढंच लिहू नका | सत्राच्या शेवटी स्वतःच्या लेखनाबद्दल काय लिहायचं?

नमस्कार मंडळी. सोयाबीन घरात आलंय, कापसाची वेचणी चालू आहे, परीक्षेचं टाइमटेबल लागलंय. अन् नेमकं याच वेळी मराठीच्या लेखन कौशल्याच्या कोर्सला एक प्रश्न येतो: ‘या सत्रात लेखक म्हणून तुमच्यात काय बदल झाला? दोन पानांत लिहा.’

मग आपण काय लिहितो? ‘या अभ्यासक्रमामुळे माझा आत्मविश्वास वाढला. माझी शब्दसंपत्ती समृद्ध झाली. मला लेखनाची गोडी लागली. सरांचे मनःपूर्वक आभार.’ अर्धा वर्ग हेच लिहितो. उरलेला अर्धा वर्ग त्यांची वही मागून आणतो.

आता यात खोटं काही नाही. आत्मविश्वास वाढलाही असेल. पण एक करून बघा. यातला ‘लेखन’ हा शब्द काढा अन् तिथं ‘शिवणकाम’ टाका. परिच्छेद तसाच चालतो की नाही? चालतो. म्हणजे तो तुमच्या लेखनाबद्दल काहीच सांगत नाही. वाचणाऱ्या मॅडमनी मार्क द्यायचे तरी कशाला?

यावर माझ्याजवळ एकच उपाय आहे. आठवणीतून लिहू नका, वहीतून लिहा. सत्राच्या सुरुवातीचं एक पान काढा, आत्ताचं एक पान काढा, दोन्ही शेजारी ठेवा.

(दोन पानं कॅमेऱ्यासमोर धरत)

ही माझीच पानं आहेत. काम होतं गावातल्या कष्ट करणाऱ्या माणसाचं शब्दचित्र लिहायचं. ऑगस्टचं पान वाचते:

‘ग्रामीण भागातील शेतमजूर महिला अत्यंत कष्टाळू असतात. त्यांना अनेक समस्यांना तोंड द्यावे लागते. उन्हातान्हात राबूनही त्यांच्या कष्टाचे चीज होत नाही.’

व्याकरण बरोबर, शुद्धलेखन बरोबर. आता नोव्हेंबरचं:

‘पऱ्हाटीवरचे दव वाळल्याशिवाय काकू ओळीत उतरत नाहीत. “दवातला कापूस काट्यावर जास्त भरते,” त्या म्हणाल्या, “पन मालकाले हात लावल्याबरोबर समजते. मंग बोलते.” संध्याकाळी बांधावर काटा लागला की काकू सुई दिसेल अशाच जागी उभ्या राहतात.’

आता बदल काय झाला ते सांगायचं. इथं लगेच ‘माझी वर्णनशक्ती वाढली’ असं लिहू नका, ते पुन्हा शिवणकामच झालं. पानाकडं बघा. ऑगस्टची तीनही वाक्यं ‘महिलां’बद्दल आहेत अन् त्यात एकही बाई नाही. नोव्हेंबरच्या पानात एक बाई आहे, ती बोलते, ती कुठंतरी उभी राहते.

अन् दुसरं, माझ्या दृष्टीनं जास्त मोठं: दव. हे मला घरी बसून सुचणार नव्हतं. वेचणीची मजुरी किलोवर असते. कापूस ओला असला तर वेचणाऱ्या बाईचं वजन भरतं, पण तोच ओलावा शेतकऱ्याला पुढं महागात पडतो. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढं कपात, अन् 12 टक्क्यांच्या वर गेला तर कापूस घेतच नाहीत. म्हणजे सकाळी ओळीत कधी उतरायचं, यात काकूंचेही पैसे आहेत अन् मालकाचेही. मी ‘समस्या’ हा शब्द नोव्हेंबरच्या पानात एकदाही वापरला नाही. गरजच पडली नाही.

आता प्रश्न, हा बदल कशामुळं झाला? हे सांगितल्याशिवाय तुमचं आत्मपरीक्षण अर्धवट राहतं. ‘सरावामुळे’ हे उत्तर नाही. माझ्या ऑगस्टच्या पानावर समासात लाल पेनानं दोनच शब्द आहेत, हे बघा: ‘कोणती महिला?’ त्या शेऱ्यामुळं मी वेचणीच्या दिवशी शेतात गेले. तुमच्याही वहीत असा एखादा शेरा असेल. किंवा मैत्रिणीनं वाचून ‘हे काहून लिहिलं?’ असं विचारलं असेल. ते शोधा. मग लिहायचं असं:

‘ऑगस्टच्या खर्ड्यातली वाक्ये सगळ्या शेतमजूर महिलांबद्दल आहेत, त्यांत कोणी एक बाई नाही. शिक्षकांनी समासात “कोणती महिला?” असे विचारले. त्यानंतर मी वेचणीच्या दिवशी शेतात जाऊन दव, काटा आणि मजुरी यांबद्दल विचारले. नोव्हेंबरच्या खर्ड्यात मजुरीवरून होणारी ओढाताण मला एका संवादातून दाखवता आली.’

चार वाक्यं. आत्मविश्वास हा शब्द कुठंच नाही, पण वाचणाऱ्याला दिसतो.

आता एका गोष्टीवर मला जरा वेळ घालवायचा आहे, कारण आपल्या इकडच्या पोरापोरींच्या वह्यांत हे वाक्य हमखास असतं: ‘पूर्वी माझी भाषा वऱ्हाडी व अशुद्ध होती, आता ती शुद्ध झाली आहे.’

हे वाक्य मला बिलकुल पटत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो. ‘आणि’चा णि पहिला की दुसरा, हा शुद्धलेखनाचा प्रश्न. तो शिकायलाच पाहिजे, तिथं सूट नाही. पण ‘मले’, ‘तुले’, ‘करून राहिलो’ ही चूक नाही, ती बोली आहे. अन् गंमत बघा, शुद्धलेखनाचे जे नियम आपण घोकतो, मराठी साहित्य महामंडळाचे, 1962 चे चौदा अन् 1972 मध्ये वाढवलेले चार, त्यातच सांगितलंय की पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालताना ती उच्चाराप्रमाणे लिहावी. म्हणजे काकूंच्या तोंडचं ‘मालकाले’ नियमात बसतं. उलट मी त्यांच्या तोंडी ‘मालकास तत्काळ ज्ञात होते’ घातलं असतं, तर ते कोणत्याच काकूचं बोलणं राहिलं नसतं.

म्हणून तुमच्या दोन पानांत असं लिहा की, कुठं बोली ठेवली अन् कुठं प्रमाण मराठी वापरली, हे तुम्ही ठरवून केलं. माझ्या पानात निवेदन प्रमाण मराठीत आहे, बोलणं वऱ्हाडीत आहे. कोणी म्हणेल, निवेदनही वऱ्हाडीत का नाही? चालेल की. फक्त मग पूर्ण पान तसं पेलता आलं पाहिजे, अर्ध्यातून सुटलं तर वाचणारा अडखळतो. मी सध्या तेवढं पेलत नाही, म्हणून ही वाट धरली. हेसुद्धा लिहिण्यासारखं आहे.

अन् ज्यांना वाटतं की लोकांचं बोलणं जसंच्या तसं लिहिणं म्हणजे हलकं काम, त्यांनी जरा अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्याकडं बघावं. तिथं रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, ऐकलं होतं, त्यांना गाठून विचारलं अन् लिहून घेतलं. तेच लीळाचरित्र, मराठी गद्याचा आरंभीचा ग्रंथ. त्यात छोटे छोटे प्रसंग आहेत, माणसं बोलतात, लगेच उत्तर देतात. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला, तर ते वेगळेपणही नोंदवलेलं सापडतं. आता मराठी भाषा विद्यापीठही त्याच रिद्धपूरला झालंय. तेव्हा वही घेऊन माणसाजवळ जाणं अन् ‘पुढं काय झालं?’ विचारणं, ही आपल्या मातीतली फार जुनी रीत आहे. कोर्सच्या अभ्यासक्रमात ती ‘मुलाखत तंत्र’ नावानं येते, एवढंच.

बरं, जुनी पानं नसतील तर? बहुतेकांचा घोळ इथंच होतो. मोबाइलवर लिहितात, त्याच फाइलमध्ये दुरुस्त करत जातात, जुनं पुसलं जातं. पुढच्या सत्रापासून दर खर्ड्याची वेगळी फाइल ठेवा, नावात तारीख टाका. नेट नसलं तरी चालतं, फोनमध्येच राहू द्या. हातानं लिहीत असाल तर खोडलेलं पान फाडू नका, अन् शिक्षकांच्या शेऱ्याचा फोटो काढून ठेवा. या सत्राचं गेलंच असेल तर व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवलं होतं का ते बघा, किंवा तपासलेल्या असाइनमेंट विभागात आहेत का ते विचारा. पुष्कळदा कपाटात गठ्ठा पडलेला असतो.

राहिला शेवटचा भाग. अजून काय जमत नाही, तेही लिहायचं असतं. इथं ‘मला अजून खूप शिकायचे आहे’ असं लिहून सुटका करून घेऊ नका. नेमकं लिहा. उदाहरणार्थ: ‘मुलाखतीत मी हो-नाही उत्तराचे प्रश्न जास्त विचारते, त्यामुळे समोरचा माणूस लवकर गप्प होतो.’ किंवा, ‘लेखाचा शेवट आला की मी वाचकाला उपदेश करू लागतो.’ याला कोणी मार्क कापत नाही. उलट तोंडी परीक्षेत मॅडम त्यावरच प्रश्न विचारतात, अन् तिथं तुम्हाला बोलायला जागा मिळते.

हो-नाहीच्या प्रश्नांचं काय करायचं, ते पुढच्या व्हिडिओत. शेतात उभं राहून कसं विचारायचं, समोरचा ‘काही नाही वं, असंच चालते’ म्हणून विषय संपवतो तेव्हा दुसरा प्रश्न कोणता टाकायचा, ते करूनच दाखवते. काकू तयार झाल्या आहेत. वेचा संपला की शूट करू.