बेडकाचा डोळा मेंदूला काय कळवतो

[तळ्याकाठचा बेडूक, अगदी जवळून. समोर चार-पाच मेलेल्या माश्या.]

बेडूक भुकेला आहे. समोर माश्या पडल्या आहेत, तरी तो त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा निश्चल खाण्याच्या गराड्यात बेडूक उपाशी मरेल.

[एक माशी दोऱ्याने हलवली जाते. झपकन जीभ!]

हलली की खाल्ली. डोळे तर चांगले टपोरे आहेत. मग अडतंय कुठे?

१९५९ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या लेटविन, मातुराना, मॅककलॉक आणि पिट्स या चौघांनी याचं उत्तर डोळ्यामागच्या नसेत शोधलं. बेडकाच्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी सुमारे १० लाख. मेंदूकडे जाणाऱ्या नसेतले तंतू मात्र जवळपास ५ लाख. सगळं जसंच्या तसं पुढे पाठवायला वाटच नाही. काय कळवायचं नि काय गाळायचं, हे दृष्टिपटलातच ठरतं.

त्यांनी एकेका तंतूतली विजेची स्पंदनं टिपली. तंतू मुख्यतः चार जातींचे निघाले. काही स्पष्ट कडा दिसली की बोलतात, काही कड सरकली की. काही उजेड मंदावला की जागे होतात. डोक्यावर बगळ्याची सावली पडली तर तेवढी बातमी पुरते. आणि चौथी जात सगळ्यांत मजेशीर: ठिपक्याएवढं, गडद, गोलसर काहीतरी सरकलं तरच हिचा आवाज फुटतो.

[रंगीत छायाचित्र: गवत, फुलं, बेडकाच्या उंचीवरून.]

या जातीची त्यांनी केलेली परीक्षा मला फार आवडते. बेडकाच्या नजरेतून दिसेल अशा गवता-फुलांचं मोठं छायाचित्र त्याच्यासमोर हलवलं. तंतू गप्प. मग त्याच चित्रावर माशीएवढी वस्तू लोहचुंबकाने धरून तेवढीच सरकवली. तंतू कडाडला! वस्तू चित्राला चिकटवून दोन्ही एकत्र हलवली, पुन्हा शांतता. पार्श्वभूमीपासून वेगळं होऊन जे हलतं, तेवढंच कळवायचं. नाहीतर बेडकाने उडी मारली की भोवतालचं सगळंच सरकणार, आणि मेंदूला दर उडीला माशीची खोटी वर्दी मिळणार.

चारही जातींचे तंतू मेंदूच्या टेक्टम नावाच्या भागात चार वेगवेगळ्या थरांत पोचतात. प्रत्येक थरात समोरच्या जगाचा नकाशा, आणि हे नकाशे बरोबर एकावर एक बसलेले.

पण कोणत्या तंतूने नकाशात नेमकं कुठे जायचं, हे कोण ठरवतं? सवय?

१९४०च्या दशकात अमेरिकी मेंदू-संशोधक रॉजर स्पेरी यांनी बेडकाची डोळ्यामागची ही नस कापली आणि डोळा खोबणीतच १८० अंशांनी फिरवला. बेडकाची नस पुन्हा वाढते. आपली वाढत नाही. काही आठवड्यांनी बेडकाला दिसू लागलं. माशी वर धरली, तर तो खाली चिखलावर झेपावला. पुढे धरली, तर मागे वळला. स्पेरी यांना १९८१ साली नोबेल मिळालं, पण ते माणसाच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांवरच्या कामासाठी.

बेडूक मात्र सुधारला नाही. कितीही वेळा तोंडात चिखल आला, तरी पुढची झेप पुन्हा उलटीच. कारण डोळा फिरला असला, तरी वाढताना प्रत्येक तंतूने मेंदूतली आपली जुनीच जागा गाठली होती.