अभिलेखागारातला शोध दुसऱ्याच्या हाती देताना

मंडळी, व्यावसायिक संशोधकाला काम देणारे बरेच जण पहिल्याच वाक्यात चुकतात. "आमच्या घराण्याविषयी मिळेल ते शोधा," असं सांगतात. पण अभिलेखागारातले कागद घराण्यांप्रमाणे लावलेले नसतात. ज्या कचेरीत ते तयार झाले, तिच्या क्रमाने ते ठेवलेले असतात. म्हणून आधी विचारायचं ते हे, की या माणसाचा कोणत्या कचेरीशी संबंध आला असेल? तो सैन्यात होता का? जमिनीचा दावा लढला का? जहाजाने परदेशी गेला का? प्रत्येक उत्तराची दप्तरं वेगळी, सूची वेगळी. "मिळेल ते" या शीर्षकाची सूची कुठेच नसते, आणि संशोधकाचे तास तर मोजले जात असतात.

तेव्हा प्रश्न एकच द्या आणि लेखी द्या. नाव, ते कायकाय प्रकारे लिहिलं गेलं असेल, ठिकाण, शोध कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत घ्यायचा, आणि नेमकं काय हवं ते: मृत्यूची तारीख, की वडिलांचं नाव. आधी कुठे शोधून झालं, तेही कळवा. नाहीतर त्याच शोधाचे पैसे दुसऱ्यांदा मोजाल. "आजी सांगायची" आणि "दाखल्यावर लिहिलंय" या दोन प्रकारच्या माहितीची सरमिसळ करू नका. ऐकीव साल खात्रीचं म्हणून दिलंत, तर संशोधक चुकीच्या दशकातल्या नोंदवह्या चाळत बसेल.

पुढचा प्रश्न, कागद शिल्लक तरी आहेत का? डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याची १९२२ साली राख झाली. इंग्लंड आणि वेल्सच्या १९३१च्या जनगणनेचे कागद १९४२च्या आगीत गेले. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या सेवानोंदींपैकी निम्म्याहून अधिक १९४०च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. जाणकार संशोधक हे काम घेण्यापूर्वीच सांगतो आणि पर्यायही सुचवतो. या शिपायांच्या बाबतीत पदकांची कार्डं उरली आहेत. त्यांवर निदान पलटण आणि क्रमांक मिळतो. काही कागद असूनही बंद असतात: अमेरिकेत जनगणनेतली व्यक्तिगत माहिती ७२ वर्षांनी खुली होते, ब्रिटनमध्ये १०० वर्षांनी.

ऑनलाइन सूचीत संदर्भ क्रमांक तुम्हालाच सापडला, तर पुष्कळदा अभिलेखागाराकडूनच प्रत मागवता येते. मग संशोधक लागतो तो फक्त वाचायला.

आणि वाचन हीच खरी कसोटी आहे. मोडी वाचणाऱ्याला त्याच कागदावरचा फारसी शेरा वाचता येईलच असं नाही. छापील जर्मन सहज वाचणारा जुन्या हस्ताक्षराच्या पहिल्याच ओळीत अडतो. मोठं काम देण्याआधी एका पानाचं लिप्यंतर पैसे देऊन करून घ्या. न लागलेल्या शब्दाला प्रश्नचिन्ह घालणारा माणूस विश्वासाचा. फाटक्या, डाग पडलेल्या पानाचंही सलग, बिनचूक दिसणारं वाचन हाती आलं, तर मला काळजी वाटते. तारखाही पाहा. इंग्लंडमध्ये १७५१पर्यंत कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून तिथला जुना फेब्रुवारी '१७३१/३२' असा दुहेरी लिहितात. ही खूण गाळली की मूल बापाच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं.

पैशांचा करार टप्प्यांनी करा. पहिल्या टप्प्याला, समजा, १० तासांची मर्यादा. त्यात अहवाल लिहिण्याचा वेळही धरायचा. प्रती आणि प्रवासाचा खर्च वेगळा दाखवायला सांगा. प्रती छापायच्या असतील तर परवानगी कोण काढणार, हे आधीच ठरवा. "सापडलं तरच पैसे" असा आग्रह मात्र धरू नका. त्या अटीखाली नामसाधर्म्याचा भलताच माणूस तुमच्या वंशावळीत येऊन बसण्याचा धोका असतो.

काहीच सापडलं नाही तरी अहवाल पूर्ण हवा. कागदांची कोणती मालिका (एकाच कचेरीतल्या एका प्रकारच्या कागदांचा गट) पाहिली, तिचे कोणते खंड, कुठल्या वर्षांपासून कुठल्या वर्षांपर्यंत, नावाची कोणती रूपं तपासली, कोणती पानं गहाळ होती, सूची पाहिली की मूळ पानं उलटली, हे सगळं संदर्भ क्रमांकासह त्यात यायला हवं. नुसतं "नोंद आढळली नाही" एवढंच आलं, तर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ही यादी मागून घ्या. पुढचा संशोधक तिथूनच सुरुवात करील.