गालीलचा सुतार

पहाटेचं गालील, इस्राएलच्या उत्तरेला. इतिहासातला येशू शोधत आम्ही कॅमेरा घेऊन इथे आलोय. नावाला समुद्र, पण पाणी गोडं, एकवीसेक किलोमीटर लांबीचं तळं आहे हे. 1986 च्या सुरुवातीला दुष्काळामुळे पाणी पार आत गेलं आणि मासेमारी करणाऱ्या दोन भावांना चिखलात लाकडाची एक कड दिसली.

तीच ही बोट. लांबी सव्वाआठ मीटर. खणून काढायला बारा दिवस नि बारा रात्री लागल्या, कारण दोन हजार वर्षं भिजून लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखं झालेलं, हात लावला तर तुटणार, म्हणून अख्ख्या बोटीवर फोमचा जाड थर फवारला आणि मग तिला चक्क पाण्यावर तरंगवत नेली. आता फळ्या बघा. बऱ्याचशा देवदाराच्या, आतल्या फासळ्या ओकच्या, पण ठिगळं किती! दुसऱ्या जुन्या बोटीचं लाकूड, जे मिळालं ते ठोकलंय. गरिबाची बोट.

टुरिस्ट हिला 'येशूची बोट' म्हणतात. तसा पुरावा एकही नाही. तळं तेच आणि काळ साधारण तोच, बस. पण आम्ही कॅमेरा इथेच जास्त वेळ ठेवला, कारण इतिहासातला येशू भेटला तर या ठिगळांच्या जगातच भेटतो. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, त्याचे गाववालेच विचारतात, अरे, हा तो सुतारच ना? मूळ ग्रीक शब्द टेक्टॉन, म्हणजे लाकूडकाम, बांधकाम, असली अंगमेहनतीची कामं करणारा माणूस.

हा दगड कैसरियाचा, किनाऱ्यावरच्या जुन्या रोमन शहराचा, 1961 मध्ये तिथल्या रोमन नाट्यगृहात सापडला. अक्षरं अर्धी उडालीत, पण पिलात हे नाव लागतं, इथल्या रोमन सुभेदाराचं. येशूला क्रूसावर चढवायचा हुकूम याचाच, आणि हे टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही लिहून ठेवलंय, ज्याला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचंही प्रेम नव्हतं. योहान नावाच्या उपदेशकाकडून बाप्तिस्मा, गालीलमधली शिकवण, क्रूस, इथपर्यंत बहुतेक अभ्यासक बरोबर चालतात. तिसऱ्या दिवशी तो मेलेल्यांतून उठला म्हणतात त्याचं काय, ते इतिहासाच्या फावड्याला लागत नाही.

आता कफर्णहूम, याच तळ्याच्या काठचं गाव. काळ्या बसाल्टच्या या भिंती एका साध्या घराच्या, परंपरा म्हणते येशूचा शिष्य पेत्र याचं घर. 1968 पासून फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी मंडळींनी इथे खणलं. पहिल्या शतकाच्या मध्यानंतर यातल्या एका खोलीला गिलावा केला गेला आणि त्यानंतरच्या थरांत स्वैपाकाची भांडी मिळेनाशी झाली, मिळतात ती साठवणीची मडकी आणि दिवे. चूल गेली, दिवे राहिले. लोक इथे जेवायला नाही, जमायला येत होते, असं खणणारे म्हणतात. याच सुमाराला पौल हा ख्रिस्ती प्रचारक पत्रं लिहित होता, ज्याने येशूला हयातीत पाहिलंही नव्हतं आणि ज्याच्या पत्रांत येशूच्या सुतारकीचा, बोटींचा उल्लेख नाही, आहे तो उठलेला प्रभू. पाचव्या शतकात घरावर अष्टकोनी चर्च आलं. त्याच्या आधी 325 ची निकियाची परिषद, म्हणजे बिशपांची बैठक, झाली, पुत्र पित्याशी एकरूप आहे असं ठरलं, तिथे आम्ही गेलो नाही.

अष्टकोनावर 1990 चं हे नवं चर्च, खांबांवर उचललेलं. मधोमध काचेची फरशी. प्रार्थना चालू असते आणि मधेच कुणीतरी वाकून खाली बघतं. खाली ती खोली, काळे दगड, एका माणसाला आडवं होता येईल एवढीशी जागा.