पालीला एक मुक्काम: उन्हेऱ्याची गरम कुंडे आणि सुधागड

नमस्कार मंडळी. पुण्याहून पालीला जाणारी बहुतेक कुटुंबे बल्लाळेश्वराचे दर्शन घेतात, पेठेत जेवतात आणि अंधार पडायच्या आत घाट चढून परततात. अष्टविनायकाच्या यात्रेत तसे करावेच लागते, हे मान्य आहे. पण मंदिरापासून तीनेक किलोमीटरवर उन्हेरे येथे गरम पाण्याची कुंडे आहेत आणि जवळच सुधागड उभा आहे, त्यामुळे शनिवारचा मुक्काम पालीला करावा, असा माझा आग्रह आहे.

(पडद्यावर कोकणचा नकाशा)

वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत गरम पाण्याचे झरे सह्याद्रीला जवळपास समांतर अशा पट्ट्यात आढळतात. आपल्याकडे ज्वालामुखी नाही, मग पाणी तापते कशाने, असा प्रश्न हमखास येतो. येथील काळा कातळ सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा असला, तरी तो केव्हाच थंड झालेला आहे. पावसाचे पाणी मात्र त्यातील भेगांमधून खोल झिरपते, दर किलोमीटर खोलीमागे साधारण २५ ते ३० अंशांनी वाढणाऱ्या भूगर्भातील उष्णतेने तापते आणि एखाद्या मोठ्या भेगेची वाट सापडली, की निवायच्या आत वर येते.

कुंडाजवळ जाताच उकडलेले अंडे सोलताना येतो तसा वास येतो, तो गंधकाचा. पहिल्या खेपेला माझ्या बोटातली चांदीची अंगठी पाण्यातच काळवंडली होती, तेव्हा दागिने खोलीवर ठेवूनच निघावे. या पाण्याने त्वचेचे विकार बरे होतात, अशी अनेकांची श्रद्धा आहे. मला स्वतःला अनुभव आहे तो गड उतरल्यावर भरून आलेल्या पोटऱ्यांचा, आणि तेवढ्यासाठीही हे स्नान मोलाचे आहे. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे. साबण मात्र कोणीही नेऊ नये.

आता गडाकडे वळू. सुधागडाचे जुने नाव भोरपगड. सुधागड हे नाव शिवकाळातले. घाटमाथ्यावरून तेलबैल्याच्या बाजूने सवाष्णीच्या घाटाने कोकणात उतरणारी वाट या गडाच्या टप्प्यात येते. किल्ला येथे का बांधला, याचे उत्तर मला त्या वाटेतच दिसते. औरंगजेबाविरुद्ध बंड करून आलेला त्याचा मुलगा अकबर आणि संभाजी महाराज यांची १६८१ मधील भेट पायथ्याच्या पाच्छापूरला झाली. पुढे गड भोरच्या पंतसचिवांकडे आला आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत हा मुलूख भोरकडेच होता. म्हणजे तेव्हा पालीचा कारभार आपल्या पुणे जिल्ह्यातल्या भोरहून चाले!

पाच्छापूरची वाट जवळची असली, तरी धोंडशाची लांबची वाट धरावी, कारण महादरवाजा त्या बाजूला आहे. त्याची बांधणी रायगडाच्या महादरवाजासारखी गोमुखी आहे. वाट दोन बुरुजांच्या मधून वळत जाते आणि अगदी जवळ जाईपर्यंत दार दिसतच नाही. हल्लेखोराला सरळ धाव घेता येऊ नये आणि तो वळेल तेथे वरून मारा करता यावा, ही त्यामागची योजना. दाराच्या कमानीखाली पाच मिनिटे उभे राहून आलेल्या वाटेकडे बघितले, की वर्णनाची गरज उरत नाही.

माथा मोठा आणि सपाट आहे. तळी, पडके चौथरे, भोराई देवीचे मंदिर आणि पंतसचिवांचा वाडा पाहून टोकावर जावे. समोर तेलबैल्याच्या दोन भिंती दिसतात. भेगेत शिरलेला लाव्हारस तेथे गोठला आणि भोवतालचा खडक झिजून गेल्यावर तो भिंतीसारखा उभा राहिला. उन्हेऱ्याचे पाणी भेगांमधून वर येते असे म्हटले, तेव्हा डोळ्यांपुढे काय आणायचे, ते येथे कळते.

पावसाळ्यात कातळ निसरडा होतो आणि एप्रिल-मे मध्ये ऊन सोसत नाही, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. शनिवारी पहाटे खोपोलीमार्गे निघून गड करावा, रात्री पालीत राहावे आणि रविवारी उजाडता उजाडता, गर्दी होण्याआधी, थंडीत वाफा निघत असताना कुंडात उतरावे. दर्शन त्यानंतर, आणि पेठेतले पोह्याचे पापड अगदी निघताना घ्यावेत. आधी घेतले तर गाडीत चुरा होतो.