डोनरचं बीज, आईची कूस

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर दिसतोय तो गोल ठिपका म्हणजे स्त्रीबीज. जेमतेम ०.१ मिलिमीटर.

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजांडकोशांत दहा-वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. पस्तिशीनंतर ती झपाट्याने घटतात, शिवाय उरलेल्यांत गुणसूत्रांचे दोष वाढत जातात. कुणाची बीजं तिशीतच संपतात, कुणाची कर्करोगाच्या उपचारात जातात. गर्भाशय मात्र इतक्या लवकर थकत नाही. म्हणूनच चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीलाही तरुण डोनरच्या बीजातून दिवस जाऊ शकतात.

या डोनरबद्दल फारसं कुणी बोलत नाही, ते बोलायला हवं. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मधूनमधून सोनोग्राफी. शेवटचं इंजेक्शन तर घड्याळ लावून, कारण त्यानंतर साधारण ३६ तासांनी भूल देऊन सुईने बीजं काढायची असतात. पोट फुगतं, दुखतं. क्वचित बीजांडकोश इतके सुजतात की तिला रुग्णालयात ठेवावं लागतं. ही जोखीम ती दुसरीच्या बाळासाठी घेते.

इकडे होणाऱ्या आईच्या गर्भाशयाचं अस्तर गोळ्या देऊन तयार केलं जातं. ते सात-आठ मिलिमीटर झालं की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुरू होतं आणि डोनरच्या बीजापासून प्रयोगशाळेत वाढवलेला, बहुधा पाच दिवसांचा भ्रूण आत सोडतात. अशा गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त, त्यामुळे तपासण्या चुकवून चालत नाहीत.

“पण बाळ माझं असेल ना?” हा प्रश्न कितीदा ओठांवर येऊन परत जातो. बीजातला डीएनए तिचा नसेल, हे गोड बोलून झाकू नये. नाक-डोळे आपल्यावर जाणार नाहीत याचं दुःख खरं असतं. उपचाराच्या घाईत ते दाबू नये. पण ते बाळ तिच्याच रक्तावर पोसतं, आणि बाळंतीणही तीच होते.

मग मुलाला सांगायचं? आम्हाला वाटतं, सांगावंच, आणि ते लहान असतानाच. आज डीएनए चाचणी घरबसल्या होते. मोठेपणी असं भलतीकडून कळलं, तर विश्वासाला तडा जातो. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५पासून नोंदलेल्या डोनरची ओळख मुलाला १८ वर्षं पूर्ण झाल्यावर मागता येते. काही देशांत ती कायम गुप्त राहते. म्हणून उपचार ठरवण्याआधीच डॉक्टरांना विचारा: मोठं झाल्यावर मुलाला काय कळू शकेल, आणि ती नोंद कोण, किती वर्षं जपणार आहे?